रेड बॅरनबद्दलचा तो मेसेज

पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक मान्फ्रेड फॉन रिश्टहोफेन, म्हणजेच ‘रेड बॅरन’, याच्यावरचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. गडगंज जर्मन जहागीरदार, लाल रंगाचं तीन पंखी विमान, त्यातून एकट्याने पाडलेली ८० विमानं, हवाई कसरतींचा बादशहा आणि शेवटी कॅनडाचा वैमानिक रॉय ब्राऊन याच्या हातून मरण. यातला ८०चा आकडा तेवढा खरा. ब्रिटिशांच्या नोंदींशीही तो बहुतांशी जुळतो.

मान्फ्रेड फॉन रिश्टहोफेन खानदानी होता, पण बडा सरदार नव्हे. त्याची ‘बॅरन’ ही पदवी घरातल्या सगळ्याच मुलांना लागायची. वडील लष्करात मेजर. अकराव्या वर्षी पोराला लष्करी शाळेत घातलं, पुढे तो घोडदळात गेला. खंदकांच्या लढाईत घोड्यांना कामच उरलं नाही, म्हणून १९१५ मध्ये विमानांकडे वळला.

तीन पंखी फोकर त्याच्याकडे आलं १९१७च्या उत्तरार्धात. तोवर साठेक विमानं पाडून झाली होती, बरीचशी दोन पंखी अल्बाट्रोसमधून.

कसरतींचं तर विचारूच नका. पहिल्यांदा एकटा उडाला तेव्हा उतरताना विमान आपटलं. त्याचा गुरू ओस्वाल्ड बोल्के. शिकवण अशी की उंची गाठा, सूर्य पाठीशी घ्या, अगदी जवळ जाऊनच गोळी झाडा. शिवाय सोबत तुकडी असायचीच, तो तिचा प्रमुख होता. पाडलेल्या प्रत्येक विमानामागे तो बर्लिनच्या सोनाराकडून तारीख कोरलेला इवलासा चांदीचा पेला करून घ्यायचा. ६० पेल्यांनंतर युद्धामुळे चांदीच मिळेना. हा शिकाऱ्याचा हिशेब झाला. मेसेजमधला ‘दिलदार योद्धा’ मला तरी यात दिसत नाही.

आता मरण. २१ एप्रिल १९१८, फ्रान्समधलं सोम नदीचं खोरं. विल्फ्रिड मे या नवख्या वैमानिकाचा पाठलाग करत तो अगदी खालून ऑस्ट्रेलियन फौजेच्या डोक्यावरून गेला. ब्राऊनने मागून, वरच्या बाजूने हल्ला केला होता खरा. पण शरीरात एकच गोळी लागली होती. उजव्या काखेखालून शिरलेली, वर चढत छातीतून डावीकडे बाहेर पडलेली. अशी जखम झाल्यावर माणूस फार तर काही क्षण विमान सांभाळेल. हा तर ब्राऊनच्या हल्ल्यानंतरही मेच्या मागे लागलेलाच होता. म्हणूनच बहुतेक अभ्यासकांचा कल जमिनीवरच्या मशीनगनकडे, त्यातही सार्जंट सेड्रिक पॉपकिनकडे आहे.

श्रेय मात्र ब्राऊनच्या नावावर लागलं. ते देणाऱ्या ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि असा विजय पायदळाच्या पदरात टाकायला ते काही राजी नव्हते.