सडकं लिंबू

“सर, इंडियन तिकडे.”

दुबईबाहेरच्या वाळवंटातला सफारी कॅम्प. हातात ताट घेऊन मी मजबूसच्या, म्हणजे अरबी मसाल्याच्या मांस-भाताच्या, पातेल्यापाशी पोहोचलो आणि वाढणाऱ्या पोराने हातातल्या डावानेच जीरा राइस, पनीर बटर मसाला आणि पिवळ्या डाळीकडे बोट दाखवलं. ‘अस्सल अरबी भोजन’ म्हणून पैसे मोजून घेतलेले. पनीर खायला कोणी समुद्र ओलांडतं का? राग अजून गेलेला नाही.

त्यात माझ्या मागचे, आमच्याच ग्रुपमधले काका डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल गुंडाळून आले आणि त्यांना त्याच पोराने भरघोस मजबूस वाढलं. वर ‘वेलकम’. काकांनी पहिला घास घेऊन निकालही दिला, “बिर्याणीच की ही. मसाला कमी पडलाय.”

बिर्याणी नव्हे. यात थर नाहीत, दही नाही, दम नाही. कांदा परतून त्यात मटण किंवा कोंबडी, बझार (म्हणजे धणे, जिरे, मिरी, दालचिनी, लवंग, हळद यांची पूड) आणि भोकं पाडलेली दोन-तीन लूमी (म्हणजे वाळवलेली लिंबं) टाकून शिजवायचं. मांस बाहेर काढून भाजायचं आणि गाळलेल्या रश्शात अर्धा तास भिजवलेला बासमती शिजवायचा. दोन वाट्या तांदळाला तीन वाट्या रस्सा. चार घातलात की गिचका. सगळी चव रश्श्याची असते आणि रश्श्यातला जीव लूमीचा. लहान लिंबं मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवतात. ती आतून पोकळ आणि काळीभोर होतात, आंबटपणाला किंचित धुरकट, आंबवल्यासारखा वास येतो. दुबईतल्या देरा भागाच्या मसाला बाजारात पोती भरून असतात.

तशी एक लूमी काकांच्या ताटात आली. काकांनी ती चावली.

“अहो! सडकं लिंबू घातलंय!”

कॅम्पचा मॅनेजर, बिचारा मल्याळी, धावत आला. “सर, ये लूमी है. धूप में सुखाया है.”

“सुखाया तो अचार में डालो. चावल में क्यों?”

“टेस्ट के लिए, सर.”

“वही तो किया. कडवा है!”

“सर, वो खाने का नहीं है.”

“खाने का नहीं है, तो खाने में क्यों है?”

मॅनेजर गप्प. तमालपत्र आणि मसाला वेलची काका जन्मभर ताटाच्या कडेला काढत आले असणार, पण हा मुद्दा त्या माणसाला सुचला नाही आणि मी चिडून पनीर चिवडत बसलो होतो. कडू लागलं ते बियांमुळे. लूमी दाबली-फोडली की बिया कडवटपणा सोडतात, म्हणून ती अख्खीच घालायची आणि अख्खीच बाजूला काढायची.

काकू म्हणाल्या, “अहो, सोडा ना आता.”

“तू थांब. एवढं तेल निघतं यांच्याकडे, एक ताजं लिंबू परवडत नाही?”

मॅनेजरने ताट बदलून दिलं. नव्या ताटातही लूमी. “बघा, दोन!” काकांनी पुरावा शेजारच्या टेबलांवर फिरवला. शेवटी पोराने चिमट्याने पातेल्यातल्या सगळ्या लूमी शोधून कचऱ्यात टाकल्या आणि शेजारी ताज्या लिंबाच्या फोडी मांडल्या. पुढच्या गिऱ्हाइकांनाही त्या रात्री भातावर लिंबूच पिळावं लागलं.

गहवा तेवढा ठीक होता. कमी भाजलेली, जाडसर दळलेली कॉफी. तीन वाट्या पाण्याला तीन मोठे चमचे, मंद आचेवर दहा मिनिटं. गाळ बसला की ठेचलेली वेलची आणि केशर घातलेल्या दल्ल्यात (कॉफीच्या किटलीत) वरचं पाणी ओतायचं. साखर नाही, खजूर आहे. २०१५ साली युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलेला हा पाहुणचार. वाढणारा डाव्या हातात दल्ला धरतो, उजव्याने फिंजान, म्हणजे छोटा कप, देतो. आपणही उजव्यानेच घ्यायचा. फिंजान पाव भरतात, त्याला कंजूषपणा समजू नये; आणि पुरे झालं की रिकामा फिंजान हलवायचा, नाहीतर वाढणारा ओततच राहतो. काकांनी साखरेच्या दोन पुड्या मागितल्या. मिळाल्याही. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही, या धोरणाने जितकं जेवण बिघडतं तितकं वाईट स्वयंपाकाने बिघडत नसेल.

त्यापेक्षा जुन्या दुबईत अल फहिदीला जा. तिथल्या शेख मोहम्मद सांस्कृतिक केंद्रात स्थानिक लोक स्वतः जेवू घालतात, काय वाटेल ते विचारू देतात. हरीस मिळाला तर सोडू नका. रात्रभर भिजवलेला गहू आणि मटण तासन्‌तास शिजवून लाकडी दांड्याने घोटलेलं, वर तूप. मसाला जवळजवळ नाही, त्यामुळे ‘मिळमिळीत’ म्हणणारे काका तिथेही भेटतील.

आणि लुकैमात तुमच्यासमोर तळले जात असतील तरच घ्या. यीस्ट घालून फुगवलेलं पीठ ओल्या हाताने तेलात सोडतात, वर खजुराचा पाक आणि तीळ. दहा मिनिटांत खायचे, नंतर कुरकुरीतपणा जातो. आमच्या कॅम्पात ते तासभर आधी तळून स्टीलच्या डब्यात ठेवलेले. वर झाकण. वाफेने चिवट झालेले, आणि डब्यावर पाटी: ‘फ्रेश’.