बायबल कुणी बदललेलं नाही, मावशी

शनिवारी रात्री साडेनऊला मावशीचा फोन. "अगं, अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी बायबल बदललं म्हणे! आता पाळकसाहेबांना पोरापोरांची लग्नं लावून द्यावी लागणार." पाठोपाठ फॉरवर्ड येऊन पडला. वर जळता क्रूस, खाली जोडलेल्या हातांची रांग आणि शेवटी 'दहा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल'.

मजकूर थोडक्यात असा: युनायटेड मेथडिस्ट चर्च या अमेरिकेतल्या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाने बायबलमधली वचनं काढली, पाळकांवर समलिंगी विवाहांची सक्ती केली, म्हणून एक चतुर्थांश मंडळ्या, म्हणजे गावोगावची चर्चं, सोडून गेल्या. आता हाच नियम भारतात येणार, तेव्हा 'अशांची' नावं सभासदांच्या यादीतून आत्ताच काढा.

आधी बायबल. मे २०२४मध्ये शार्लट शहरातल्या जनरल कॉन्फरन्सने, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च अधिवेशनाने, हात लावला तो 'बुक ऑफ डिसिप्लिन'ला, म्हणजे त्यांच्या नियमपुस्तकाला. १ मे रोजी समलिंगी व्यक्तींच्या पाळकीय दीक्षेवरची बंदी ६९२ विरुद्ध ५१ मतांनी उठली. दुसऱ्या दिवशी 'समलैंगिकता ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत' हे वाक्य ५२३ विरुद्ध १६१ मतांनी गेलं. त्यांच्या स्वतःच्या वृत्तसेवेने हे आकडे तेव्हाच दिले होते, फॉरवर्ड लिहिणाऱ्याने उघडून बघायचे कष्ट तेवढे घेतले नाहीत. आणि ते वाक्य काय मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या काळापासूनचं होतं? अमेरिकेत मेथडिस्ट मंडळी उभी राहिली १७८४ साली. हे वाक्य घुसलं १९७२ साली, अटलांटाच्या अधिवेशनात, तेही आयत्या वेळच्या दुरुस्तीतून. दीक्षेवरची बंदी तर १९८४ची. माझ्या मावशीचं लग्न त्याआधीचं आहे! याच मंडळीत १८४४ साली एका बिशपच्या घरच्या गुलामांवरून फूट पडली होती, आणि गुलामगिरीच्या बाजूने उभे राहणारेही वचनंच दाखवत होते. बायकांना पाळकपदाचे पूर्ण हक्क मिळायला १९५६ उजाडलं. नियमपुस्तक बदलत आलंय. बायबल तेच आहे.

सक्तीबद्दल तर उलटंच ठरलं. लग्न लावलं म्हणून पाळकाला शिक्षा नाही, नाकारलं म्हणूनही नाही. दीक्षेचंही तसंच. बंदी गेली, राखीव जागा ठेवल्या नाहीत. उमेदवाराला वेस्लीच्या वेळचे प्रश्न अजून विचारतातच, त्यात 'सेवेत लाज आणील इतकं कर्ज डोक्यावर आहे का' हाही असतो. (हा प्रश्न आपल्याकडच्या कमिटीवाल्यांनाही विचारायला हरकत नाही.)

मंडळ्या गेल्या हे खरं, नाइलाजाने मान्य करते. अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून जास्त, म्हणजे साधारण एक चतुर्थांश. पण कधी? २०१९ ते २०२३ या काळात. २०१९च्या सेंट लुईसच्या अधिवेशनात बंदी ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी उलट कडक झाली होती, आणि बाहेर पडायची वाट तिथेच काढून दिली गेली. म्हणजे या मंडळ्या गेल्या तेव्हा बंदी पुस्तकात शाबूत होती. २०२४च्या निर्णयामुळे २०२३ साली सोडून जायला काय भविष्यवाणी झाली होती? निर्णयानंतर आयव्हरी कोस्टची मोठी मंडळी बाहेर पडली, तेवढं मात्र त्या निर्णयाच्या खात्यावर.

भारताचा मुद्दा एका ओळीचा: आपली मेथडिस्ट चर्च इन इंडिया १९८१पासून स्वायत्त आहे, बिशप आपले, नियमपुस्तक आपलं. तिकडच्यांशी नातं आहे, मालकी नाही.

राहिलं ते शेवटचं वाक्य, 'नावं काढा'. खरं तर लिहायला बसले ते याच्यासाठी. कारण मावशीने पुढे आवाज खाली करून विचारलं, "मग आपल्या गायनात कीबोर्ड वाजवतो त्या पोराचं काय गं? लोक काहीबाही बोलतात." ते पोर दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन वायरी जोडतं. नाताळात मावशीचा गुडघा धरला तेव्हा तिला जिन्यावरून हात धरून त्यानेच उतरवलं होतं.

ज्या अमेरिकेचं भय दाखवता, तिथलंच ऐका. दीक्षेवर बंदी होती तेव्हाची गोष्ट. व्हर्जिनियातल्या एका पाळकाने एका समलिंगी माणसाला सभासद करून घेतलं नाही. २००५ साली त्यांच्या न्यायमंडळाने तो अधिकार पाळकाचाच, असं ठरवलं. हे फॉरवर्डवाल्यांच्या बाजूचं आहे, लपवत नाही. पण काही दिवसांतच बिशपांनी एकमुखाने पत्र काढलं की समलैंगिकता ही सभासदत्वाच्या आड येत नाही. त्यात सनातनी बिशपही होते. तो माणूसही नवीन येऊ पाहणारा होता. बाप्तिस्मा झालेल्या, दृढीकरण झालेल्या, आपल्यासोबत प्रभुभोजन घेणाऱ्या पोराचं नाव कुजबुजीवरून खोडा असं त्या वादात कुणी मागितलंच नव्हतं. ही भर आपल्याकडच्या कुणीतरी घातलेली आहे.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी तर दहा जणांना पाठवून बसले गं. त्यात त्याची आई पण आहे."