बॉल सुटला म्हणजे काम सुटलं का रे?

काल बेसबॉलच्या मॅचमधी परत तेच झालं. शेवटची इनिंग, आम्ही ४-३ नं पुढं, त्यांचे दोन आउट, सेकंड अन् थर्ड बेसवर त्यांचे रनर. बॅटरनं फर्स्ट अन् सेकंडच्या मधी एक साधा सरपटी बॉल मारला. आमच्या फर्स्ट बेसवरच्या पोरानं उजवीकडं झेप टाकली. ढेकळाला लागून उडालेला बॉल छातीवर घेतला, पण सोडला नाही. गुडघ्यावरून उठला, वळला, अन् फेकायला हात वर केला तर बेसवर कुणीच नाही.

पिचरसाहेब, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा आमचा गडी, जिथून बॉल सोडला तिथंच उभे. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट फर्स्टकडं. तू जा म्हणून!

ते लेकरू जीव तोडून स्वतःच पळालं, बॅटर एका पावलानं आधी पोचला. थर्डवाला होमला, म्हणजे बॅटरच्या जागेवर, पोचला. एक रन. बरोबरी झाली, तरी ठीक होतं. पण पिचर अन् ते पोरगं एकमेकांकडं बघत उभे, बॉल हातातच, तोवर सेकंडचा रनर थर्ड ओलांडून तोही घरात. ५-४. खलास. दोन आउट होते हो! पिचर नुसता पळाला असता, बॉल घेऊन फर्स्टवर पाय टेकला असता, तर तिसरा आउट अन् मॅच आमची. थर्डवाला आधीच होम ओलांडून गेला असता तरी तो रन धरला नसता.

मी हातातली स्कोअरची वही आपटली. पिचरला विचारलं, "का नाही पळाला रे?" तर म्हणतो, "सर, माझा बॉल तर बरोबर पडला होता."

बॉल बरोबर पडला होता! हे वाक्य मी परभणीत ऐकलंय, नांदेडला ऐकलंय, हिंगोलीच्या पोरांकडून ऐकलंय. डोक्यात जातं माझ्या. अरे, बॉल हातातून सुटला त्या क्षणाला तू पिचर राहिला नाहीस, फिल्डर झालास. तेही बॅटरच्या समोर सगळ्यात जवळ उभा असलेला फिल्डर. पिचरपासून होमपर्यंत नियमाचं अंतर ६० फूट ६ इंच. पाऊल टाकून बॉल सोडेपर्यंत त्यातलं पाच-सहा फूट तूच खाल्लेलं असतंस. क्रिकेटची पिच स्टंपपासून स्टंपपर्यंत ६६ फूट असते, अन् इथं पोरगं त्याहून जवळ, ग्लोव्ह गुडघ्याखाली लोंबतोय, तोंड भलतीकडं. सरळ परत आलेला बॉल तोंडावर बसला तर त्याच्या आईला मी काय सांगू? म्हणून ओरडतो मी. ग्लोव्ह छातीपुढं आण, दोन्ही पाय जमिनीवर आण, बॅटरकडं बघ. एवढंच तर मागतोय.

फर्स्ट कव्हर करायचं, म्हणजे फर्स्टचा पोरगा बॉलमागं गेला की त्याचा बेस पिचरनं सांभाळायचा, हे मी किती वेळा शिकवलंय, मोजदाद नाही. बॉल पिचरच्या डावीकडं गेला की विचार करायचा नाही, पळायचं. बेसवर सरळ धावायचं नाही, रनरला धडकशील. बेसच्या दहा-बारा फूट अलीकडं लाइन गाठायची, मग लाइनीला धरून आत-आतून वर जायचं, बॉल छातीशी घ्यायचा, उजवा पाय बेसच्या आतल्या कडेला टेकवायचा अन् मैदानाकडं वळायचं, कारण दुसरा रनर पळतच असतो. खडूनं रेघ मारून दिली. दोरी बांधून दिली. स्वतः पळून दाखवलं, पन्नाशीला आलेल्या गुडघ्यांनी. दहा मिनिटांत चालू, "सर, पिचिंग कधी?" शिक्षा केल्यासारखी तोंडं करतात.

बंटचं, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून जवळच पाडलेल्या बॉलचं, तर बोलूच नका. थर्डच्या लाइनीवर बॉल मेलेला पडलाय, बॅटरमागचा कॅचर गळा फाडून "फर्स्ट, फर्स्ट" ओरडतोय, अन् आमचा गडी पाय न रोवता, अंग न वळवता, पळता पळताच फेकतो. बॉल उजव्या फील्डच्या बाभळीत. जो पोरगा कॅचरच्या ग्लोव्हमधी दहातले सात बॉल बरोबर घालतो, त्याला फर्स्टवरचा माणूस सापडत नाही! कारण त्या फेकीचा सराव त्यानं कधी केलेलाच नसतो.

आणि पोरांनाच कशाला बोलू. पालक येतात ते मोबाइल घेऊन. व्हिडिओ काढायचा तो फक्त पिचिंगचा, हात सुटला की रेकॉर्डिंग बंद. त्या पोरानं मागं होमला बॅकअप दिला, वाइल्ड पिचवर, म्हणजे भलतीकडं गेलेल्या बॉलसाठी, कॅचर मागं पळाला तेव्हा होम सांभाळलं, याचा एक व्हिडिओ कुणाच्या फोनमधी नाही. सगळ्यांना स्पीड पाहिजे. २००८ ला भालाफेकीची दोन पोरं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, नुसत्या हाताच्या जोरावर निवडली गेली अन् अमेरिकेच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघानं त्यांना करार दिला, ही गोष्ट प्रत्येक बापाला पाठ आहे. पण तिथल्याच ग्रेग मॅडक्सचं नाव काढा, कुणाला माहीत नाही. पिचर म्हणून फिल्डिंगचे १८ गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार! तितके दुसऱ्या कुठल्याच पिचरला मिळालेले नाहीत.

न्यूयॉर्कचा दाखलाही देऊन झाला. २०२४ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलची फायनल, तिची पाचवी मॅच. आपल्याकडं नरकचतुर्दशीची पहाट होती. अंगाला उटणं लावलेलं तसंच, मी मोबाइल घेऊन बसलेलो. न्यूयॉर्क यांकीज लॉस एंजेलिस डॉजर्सच्या ५-० नं पुढं. बेस भरलेले, दोन आउट, डॉजर्सच्या मुकी बेट्सनं फर्स्टकडं साधा सरपटी बॉल मारला. अन् यांकीजचा गेरिट कोल, एवढा मोठा पिचर, फर्स्टला गेलाच नाही. बोट दाखवत थांबला. काल आमच्या पोरानं दाखवलं तसंच बोट! तिथून डॉजर्सनं त्याच इनिंगमधी पाच रन काढले, मॅच ७-६ नं जिंकली, सिरीज तिथंच संपली. तो व्हिडिओ मी पोरांना चारदा दाखवलाय. चारदा! २००६ ला डेट्रॉइटच्या पिचर्सनी पाच मॅचमधी फिल्डिंगचे पाच एरर, म्हणजे चुका, केले अन् वर्ल्ड सिरीज घालवली, तेही सांगितलं. माना डोलावतात, अन् मैदानात गेले की हात कमरेवर.

मैदान तरी कुठंय म्हणा. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलो-किलो चिकटते, उन्हाळ्यात भेगा एवढ्या की बॉल आत जातो. मधले जे चार महिने बरे, त्यात कुणाच्या तरी चषकाची टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा, मंडप, डीजे. जिल्हा स्पर्धा तोंडावर असताना आम्हाला कोपरा मिळतो, तिथं बेसमधलं ९० फुटांचं अंतरच बसत नाही. फर्स्ट कव्हर करायला शिकवू कुठं? डावखुऱ्या पोराला त्याच्या हाताचा ग्लोव्ह नाही, दोन वर्षं झाली मागून. अन् काही जण तर फक्त दहावीच्या वाढीव मार्कांसाठी नाव घालतात, कधी सरावाला फिरकत नाहीत, प्रमाणपत्राच्या दिवशी मात्र पहिल्या रांगेत.

पण काल जे झालं ते यापेक्षा वाईट. मॅच संपल्यावर बेस्ट पिचरची ट्रॉफी आमच्याच पोराला दिली. फोटो झाले. मग त्याचे वडील माझ्याकडं आले अन् मोठ्यानं म्हणाले, "सर, फर्स्टला कुणाला उभं केलं ओ तुम्ही? माझ्या लेकराची मेहनत पार मातीत घातली त्यानं." फर्स्टचं ते पोरगं चार हातांवर बूट सोडत बसलं होतं. छातीवर बॉलचा वळ उमटलेला. त्यानं ऐकलं. काही बोललं नाही, बूट पिशवीत घातले अन् अनवाणीच एसटीकडं चालायला लागलं. मी त्या माणसाला तिथंच सुनावलं की मॅच तुमच्या लेकराच्या कमरेवरच्या हातानं गेली. त्याला राग आला. येऊ दे.

रात्री पिचरच्या त्याच वडिलांच्या फोनवरून मेसेज आला, "सर, उद्यापासून त्याला फक्त पिचिंग द्या, फालतू पळवू नका, हात दुखतो." उत्तर दिलेलं नाही. आधी फर्स्टच्या पोराच्या गावाला जाऊन येतो. त्याच्या वडिलांसमोर सांगायचंय, तो बॉल तुमच्या पोरानं अडवला होता म्हणून.