कोल्हापूर–मुंबई विमान '२५ मिनिटांत' का पोहोचत नाही?

व्हॉट्सॲपवर एक हिशेब फिरतोय: "कोल्हापूर–मुंबई ३७५ किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे प्रवास २५ मिनिटांचा. तिकिटावर तासाभराचा वेळ दाखवतात, कारण कंपन्या विमान मुद्दाम फिरवून नेतात." भागाकार बरोबर आहे, पण त्यात घातलेले दोन्ही आकडे चुकलेत.

"अंतर ३७५ किलोमीटर." हे रस्त्याचं अंतर झालं, कराड–सातारा–पुणे करत घाट उतरून जाण्याचं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून मुंबई विमानतळापर्यंत सरळ रेषेत साधारण ३०८ किलोमीटर भरतात, म्हणजे १६६ नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर दिसणारे १६६ हे किलोमीटर समजले किंवा साधे मैल समजून १.६ने गुणले, की पुढचं सगळं गणित फसतं.

"वेग ताशी ९००." हा मोठ्या जेटचा, पस्तीस हजार फुटांवरचा वेग. अशा जवळच्या मार्गांवरचं एटीआर ७२ हे पंख्यांचं विमान जास्तीत जास्त ५००च्या आसपास जातं, आणि तेही वर पोहोचल्यावर. चढताना ते ताशी ३०० ते ३२० किलोमीटरनेच जातं. सतरा हजार फूट गाठायला पंधरा मिनिटं आणि ७५–८० किलोमीटर जातात. उतरताना दर हजार फुटांना ३ नॉटिकल मैल धरतात, म्हणजे मुंबईच्या जवळपास ९५ किलोमीटर आधीच उतरण सुरू होते. पूर्ण वेगाने कापायला मधले १३५ किलोमीटर उरतात, सोळा-सतरा मिनिटांचे.

जेट असलं तर? चोवीस हजार फुटांवरून उतरायलाच १३३ किलोमीटर लागतात, चढाईला शंभरेक. सपाट उड्डाण जेमतेम ७५ किलोमीटरचं. शिवाय दहा हजार फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. एवढ्या जवळच्या मार्गावर जेटने वाचून वाचणार दहा-पंधरा मिनिटं.

"मुद्दाम फिरवून नेतात." विमान वळसा घेतं हे खरं, पण त्याचं कारण धावपट्टी. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्र वाहतूक चालवता येत नाही. वापरात २७ क्रमांकाची (पश्चिमेकडे तोंड असलेली) धावपट्टी असेल तर उतरताना घाटकोपरच्या बाजूने, पूर्वेकडून यावं लागतं. दक्षिणेकडून आलेल्या कोल्हापूरच्या विमानाला तिकडे वळून रांगेत शिरावं लागतं. गर्दी असली की हवेत घिरट्याही घालाव्या लागतात, आणि त्यात जळणारं इंधन कंपनीच्याच खिशातून जातं.

तिकिटावरची वेळ चाकं जमिनीवरून उचलल्यापासूनची नसते. विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतची ती वेळ. दोन्हीकडच्या टॅक्सीची, म्हणजे विमान जमिनीवर धावपट्टीपर्यंत किंवा तिथून जागेपर्यंत चालण्याची, दहा-पंधरा मिनिटं त्यातच येतात. उशीर झाकण्यासाठी वेळापत्रकात थोडी जास्तीची मिनिटंही धरलेली असतात. संदेशातला तेवढा संशय रास्त आहे.

घरी ताळा करायचा तर सरळ अंतराला एटीआरसाठी ५००ने, जेटसाठी ८००ने भागा, मिनिटं काढा आणि अर्धा तास मिळवा. मुंबईसाठी ३७ अधिक ३०. हैदराबादचं अंतर साधारण ४४५ किलोमीटर, म्हणून ५३ अधिक ३०. हैदराबादहून कोल्हापूरला येताना हिवाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून लागतो, तेव्हा यात पाच-दहा मिनिटं वाढवून धरा.