क्यानसित्थाने मुलाला हाकललं म्हणे! मग तो शिलालेख कुणाचा?

बोधगयेच्या यात्रेला निघालेल्या आमच्या मावशीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. त्यात लिहिलंय: महाबोधी मंदिर ब्रह्मदेशच्या क्यानसित्था राजाने बांधलं. तो कट्टर विष्णुभक्त होता, त्याच्या राजधानीतलं, बगानचं आनंद मंदिर मूळचं विष्णूचं. मंदिर पुरं होताच त्याने कारागीर मारले, पोटच्या पोराला नेसत्या वस्त्रानिशी हाकललं, म्हणून त्याचा वंश बुडाला. मावशीने ते विश्वासाने पुढे पाठवलंही. बाराव्या शतकातल्या माणसावर काहीही ढकलून द्यायचं, विचारणार कोण?

आधी पोराचं बोलू, कारण इथे थापेची कमाल झाली आहे. त्या मुलाचं नाव राजकुमार, आणि त्याने स्वतः कोरून घेतलेला दगड आजही बगानला उभा आहे. म्याझेदीचा चौकोनी स्तंभ, सुमारे १११३ सालचा. चार बाजूंना एकच मजकूर चार भाषांत: पाली, प्यू, मोन आणि बर्मी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्लॅगडेन या अभ्यासकाने विस्मृतीत गेलेली प्यू भाषा वाचली ती याच स्तंभाच्या आधाराने.

त्यात काय आहे? राणी त्रिलोकवटंसका वारल्यावर राजाने तिचे दागिने आणि दासांची तीन गावं तिच्या मुलाला, राजकुमाराला दिली. राज्याच्या अठ्ठाविसाव्या वर्षी राजा मरणाच्या दारात होता. बापाचे उपकार आठवून मुलाने सोन्याची बुद्धमूर्ती घडवली, त्याच्यापुढे नेली आणि म्हणाला, ही तुमच्यासाठी केली, तुम्ही दिलेली तिन्ही गावं हिला अर्पण करतो, अनुमोदन द्या. राजा प्रसन्न होऊन "साधु, साधु" म्हणाला आणि भिक्षूंच्या साक्षीने त्याने दानाचं पाणी सोडलं. हाकललेला मुलगा असं लिहून ठेवतो?

गादी त्याला मिळाली नाही, हे खरं. ती नातवाला, मुलीच्या मुलाला गेली. ब्रह्मदेशच्या बखरी सांगतात की आपल्याला राजकुमार नावाचा मुलगा आहे हे कळण्याआधीच राजाने नातवाला वारस ठरवलं होतं. तो नातू म्हणजे अलाँगसिथू, आणि त्याने पन्नासहून अधिक वर्षं राज्य केलं. वंश बुडाला म्हणे!

कारागिरांची कत्तल हीसुद्धा ऐकीव कथा. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट आपल्याकडे जशी पिढ्यानपिढ्या चालते, त्याच जातीची. क्यानसित्थाचे मोन भाषेतले लांबलचक शिलालेख आहेत. त्याच्या राजवाड्याच्या बांधकामाचे विधी त्यात बारकाईने नोंदलेत. आनंद मंदिराच्या कारागिरांच्या हत्येला मात्र त्या काळचा एकही लेख पुरावा म्हणून दाखवता येत नाही. एखाद्यावर खुनाचा आळ घेताना एवढं तरी बघावं.

विष्णूचं मात्र थोडं मान्य करायला लागतं. राजवाड्याच्या त्या विधींत ब्राह्मण आहेत, नारायणाची पूजा आहे. पूर्वजन्मी आपण विष्णू नावाचे ऋषी होतो, असंही राजा स्वतःबद्दल सांगतो. पण हा ऋषी पुढे बगानचा राजा होईल, हे भविष्य तो कुणाच्या तोंडी घालतो? बुद्धाच्या. आनंद मंदिरात चार दिशांना चार बुद्ध उभे आहेत. आगीनंतर त्यातले दोन नव्याने घडवले, पण बुद्धाच्या जागी बुद्धच आले. पश्चिमेच्या गौतम बुद्धापुढे राजाचीच गुडघे टेकलेली मूर्ती आहे. बाहेर मजल्यांवर जातककथांच्या, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींच्या, मातीच्या चकचकीत फरशा बसवल्यात. विष्णूचं देऊळ बगानला आहे, पण ते नाथलाँग चाउंग. दोन्हींची गल्लत करायचं कारण नाही.

राहिलं महाबोधी. ते या राजाच्या कितीतरी आधीपासून उभं होतं. ब्रह्मदेशातल्या प्रोम गावच्या शिलालेखाप्रमाणे त्याने मोडकळीला आलेल्या त्या मंदिरासाठी रत्नं जमवून जहाजाने पाठवली. म्हणजे जीर्णोद्धार. मावशी, तिथे गेल्यावर कुणी विचारलं तर एवढंच सांग, आणि तो मेसेज ज्यांना पाठवलास त्यांना हेही पाठव.