एचपी भागिले वजन, बाकी सगळं बोगस? थांबा जरा

सध्या साताऱ्यात गाड्यांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय, तुम्हालाही आला असेल. "स्पोर्ट्स कार कम्पेअर करताना एचपीला (म्हणजे इंजिनच्या ताकदीला) टनातल्या वजनानं भागा, आकडा मोठा ती गाडी फास्ट, आकडा सेम तर गाड्या सेम. वजन घटवा नाहीतर पॉवर वाढवा, एकच गोष्ट."

सरळ रोडवर, मधल्या स्पीडला, पिकअपपुरतं हे बरंचसं खरंय. तेवढं मान्य.

आता "आकडा मोठा ती फास्ट" बघू. मॅक्लारेन एफ-वन सुमारे ११३८ किलो, ६२७ एचपी, म्हणजे टनाला साधारण ५५०. बुगाटी वेरॉन १८८८ किलो, १००१ एचपी, टनाला ५३०. मेसेजच्या हिशोबानं मॅक्लारेन पुढं पाहिजे ना? पण जर्मनीतल्या त्याच एरा-लेसिन ट्रॅकवर १९९८ ला मॅक्लारेन ताशी ३८६ किलोमीटरला थांबली आणि २००५ ला वेरॉन ४०० च्या पुढं गेली. कारण तेवढ्या स्पीडला भांडण हवेशी असतं, वजनाशी नाही, आणि हवा कापायला लागणारी पॉवर स्पीडच्या घनानं वाढते, म्हणजे स्पीड दुप्पट तर पॉवर आठपट. तिथं नुसती एचपीच लागते राव.

"आकडा सेम तर गाड्या सेम" हे तर पसरणी घाटातच निकालात निघतं. १९९६ ची लोटस एलिस घ्या, ७२५ किलो आणि ११८ एचपी, आणि शेजारी बरोब्बर दुप्पट वजन दुप्पट पॉवरची गाडी धरा, आकडा सेम. पाचगणीहून वाईला उतरताना (समोरून एसटी आली की दोघांचाही माज उतरतो ते सोडा) दर वळणाआधी त्याच स्पीडवरून जड गाडीच्या ब्रेकला दुप्पट एनर्जी जिरवायची असते, डिस्क तापतात, पेडल खोल जायला लागतं, आणि तिथं एचपी काहीच कामाची नाही. वळणात पण तेच, टायरवर वजन दुप्पट टाकलं म्हणून ग्रिप दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. मग मोठे ब्रेक, त्यात बसतील असे मोठे व्हील, रुंद टायर, म्हणजे परत वजन वाढलं की! निसान जीटी-आर सारखी १७०० किलोच्या वरची गाडी हे सगळं करून ट्रॅकवर भारी पळते, नाही असं नाही, पण फुकट नाही पळत, टायर-ब्रेकचा खर्च विचारा.

आणि मेसेजवाल्यानं ड्रायव्हरच धरला नाही. एलिसमध्ये ७५-७५ किलोचे दोघं बसले की १६३ चा आकडा १३५ वर येतो. दोन टनाच्या ७०० एचपीवाल्या गाडीत तेच दोघं बसले तर ३५० चे ३२५, म्हणजे हलक्या गाडीला १७ टक्के फटका आणि जडला ७. त्यामुळं एलिसवाल्यानं दोस्ताला साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरच उतरवलं तर रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून पॉवर वाढवणं) न करता १३५ चे १४७ होतात.