‘मॅन्युअलवर काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्या वाचकास

‘भटका लातूरकर’ यांस,
सप्रेम नमस्कार.

‘पहिला डीएसएलआर घेताना’ (डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) या माझ्या लेखावर आपण काल रात्री भलीमोठी प्रतिक्रिया टाकलीत. ती ठेवायची की उडवायची यावर घरात चर्चा झाली. ठेवली आहे. ज्यांना खाली जाऊन ती वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी गोषवारा असा: डीएसएलआर आता संपला, घ्यायचाच तर मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, घ्यावा, नाहीतर लेन्सांचे पैसे पाण्यात, ५० एमएमची लेन्स नवशिक्याच्या गळ्यात मारू नये, सेकंडहँडचा सल्ला मुंबई-पुण्याबाहेरच्या माणसाच्या कामाचा नाही, आणि मॅन्युअल मोडबद्दल, म्हणजे उजेडाचे सगळे आकडे आपण हाताने लावायच्या पद्धतीबद्दल, “मी स्वतः मॅन्युअल मोड वापरून बघितलाय, ऑटोपेक्षा काडीचा फरक पडत नाही, नवीन माणसाला घाबरवायचे हे धंदे बंद करा.” शेवटची ओळ: “मॅडम, कॅमेरा बहुतेक मिस्टरांचा असावा. राग मानू नये.”

‘राग मानू नये’ असं लिहून टाकलं की काहीही बोलायची मुभा मिळते असा आपल्याकडे एक समज आहे. तो आपण जपलात. मला टीकेचं वावडं नाही. याच लेखाखाली एका गृहस्थांनी मेमरी कार्डाबद्दल मला दुरुस्त केलंय, मी त्यांचे आभार मानलेत, लेखात बदलही केलाय. पण त्यांनी ते चार ओळींत आणि सरळ भाषेत लिहिलं होतं. आपण लिहिताना समोर कोणी माणूस बसलाय हेच विसरलात.

‘धंदे’ म्हणालात म्हणून सांगते. या ब्लॉगवर एक जाहिरात नाही, कुठल्या दुकानाची लिंक नाही, कमिशन नाही. धंदा करायचा असता तर जुनी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि सोबत येणारी साधी किट लेन्स यांवर वर्ष काढा असं कशाला लिहिलं असतं? नवी बॉडी, तीन लेन्स, दोन बॅगा आणि वर एक ट्रायपॉड घ्यायला लावला असता.

आता मिस्टर. आमच्या मिस्टरांचे बहुतेक फोटो मोबाइलवरचे, आणि त्यातल्या अर्ध्यांत त्यांचा अंगठा असतो. कॅमेरा माझा आहे. माझ्या आधी माझ्या वडिलांचा होता, म्हणजे हा नव्हे, दुसरा. कराड तालुक्यात त्यांचा स्टुडिओ होता. पुढे पासपोर्ट फोटोचं स्टूल, मागे अंधारखोली, मधे पडदा. त्यांच्याकडे यशिका मॅट होता, वरून खाली वाकून बघायचा, काचेत डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे दिसायचं. १२० नंबरच्या रोलवर बारा फोटो निघायचे. बाराच. अंतरपाट धरलेला एक, हार घालतानाचा एक, सप्तपदीचा एक, आणि वरमाईला राग येऊ नये म्हणून एक. चुकला तर लग्न पुन्हा लागत नाही.

त्या कॅमेऱ्यात उजेड मोजणारा मीटर होता, पण त्याची बॅटरी आमच्याकडे मिळायची नाही, त्यामुळे तो कायम मेलेला. वडील रोलचं खोकं फाडायचे आणि आतल्या बाजूला छापलेला तक्ता मला वाचायला लावायचे: कडक ऊन, विरळ ढग, भरून आलेलं आभाळ, सावली, आणि प्रत्येकापुढे आकडा. शंभर स्पीडची फिल्म असेल तर कडक उन्हात एफ १६ आणि १/१२५. एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा, ॲपर्चरचा आकडा, तो मोठा तितकं छिद्र लहान; १/१२५ म्हणजे शटर सेकंदाचा तेवढा भाग उघडं. ढग आले की एफ ११, आणखी आले की ८, गच्च झालं की ५.६. मी तेव्हा फ्रॉक घालत होते, लातूरकर. तुम्ही मला एक्सपोजरवरून, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा यावरून, घाबरवणारी कोण म्हणताय याचा थोडा विचार करा. तो तक्ता आजही चालतो. दुपारी बारा वाजता अंगणात जा, आयएसओ (तेव्हाचा फिल्मचा स्पीड, म्हणजे उजेड टिपायची क्षमता) १००, एफ १६, १/१२५ लावा आणि बघा.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, कारण बाकी सगळं सोडलं तरी ते सोडवत नाही. ‘मॅन्युअल मोड वापरून बघितला, काडीचा फरक पडत नाही.’

तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणणार नाही. तुम्हाला खरोखर फरक दिसला नसणार, आणि त्याचं कारण मी इथे बसून सांगू शकते. तुमच्या कॅमेऱ्यात आयएसओ ऑटोवर आहे. डायल एमवर, म्हणजे मॅन्युअलवर, फिरवली म्हणजे कॅमेरा तुमच्या हातात आला असं होत नाही. आयएसओ ऑटोवर असेल तर तुम्ही शटर १/१२५ वरून १/२५० केलं की उजेड निम्मा व्हायला हवा, पण कॅमेरा गुपचूप आयएसओ ४०० चा ८०० करतो आणि फोटो पहिल्याइतकाच उजळ येतो. तुम्ही ॲपर्चर उघडा, तो आयएसओ उतरवतो. तुम्ही बंद करा, तो चढवतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, तसा हा कारभार. तुम्ही स्टिअरिंग धरून बसता आणि गाडी आपणच चालवली असं घरी सांगता.

तेव्हा मेनूत जा, आयएसओ ऑटो बंद करा, ४०० वर ठेवा. सकाळी खिडकीजवळच्या टेबलावर स्टीलचा पेला ठेवा. एफ ५.६ आणि १/६० वर एक फोटो. मग ॲपर्चरला हात न लावता १/१२५, १/२५०, १/५००. चार फोटो शेजारी शेजारी लावून बघा. पेल्याच्या कडेवर खिडकीची जी पांढरी तिरीप पडते ती पहिल्या फोटोत नुसता पांढरा डाग असते. तिसऱ्यात तिच्यात गजाचे उभे पट्टे दिसायला लागतात, आणि तोवर मागची भिंत काळोखात गेलेली असते. गज हवेत की भिंत हवी हे कॅमेऱ्याला कळत नाही. ते कळायला त्याला तुम्ही लागता. एवढंच मी मूळ लेखात लिहिलं होतं, आणि आयएसओ ऑटो बंद करा हेही लिहिलं होतं, ठळक अक्षरांत. लेख पूर्ण वाचून प्रतिक्रिया द्यायची पद्धत लातुरात नसेल तर कल्पना नाही. (हे वाक्य काढून टाक असं लेकीचं म्हणणं आहे. राहू दे.)

पेला म्हणजे पोरखेळ वाटत असेल तर वारीत चला. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते. ज्येष्ठाच्या अखेरचं ढगाळ आभाळ, आणि समोर हजारो पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे, पांढरी धोतरं. कॅमेऱ्यातला मीटर समोर जे येईल ते सरासरी मध्यम करडं आहे असं धरून चालतो. फ्रेमभर पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो कमी करतो. घरी येऊन बघावं तर धोतरं सिमेंटच्या रंगाची आणि वारकऱ्यांचे चेहरे पार काळे. काळ्या म्हशींचा कळप असता तर बरोबर उलटं झालं असतं, म्हशी राखाडी आल्या असत्या.

मग उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवायचा. धोतर पांढरं होतं, चेहरा वर येतो, कपाळावरच्या बुक्क्याचा ठिपका गालाच्या सावलीतून वेगळा दिसायला लागतो. पण टोपीचं काय? टोपीच्या शिवणी होत्या, घामाची कड होती, ती सगळी उडून जाते. पडद्यावर तेवढा भाग लुकलुकायला लागतो. आता ठरवा. मी चेहरा ठेवते आणि टोपी थोडी जाऊ देते. एखादा टोपी राखेल आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढलेला फोटो घरी उजळून चेहरा वर आणेल. दोन्ही बरोबर. पण पूर्ण ऑटोवर, ज्याला तुम्ही ‘काडीचा फरक नाही’ म्हणता त्या हिरव्या खुणेवर, निकॉन डी३५०० असो की कॅनन १५००डी, एक्सपोजर कमी-जास्त करायची सोयच मिळत नाही. शिवाय अंधार वाटला की तिथे फ्लॅश आपोआप उघडतो. देवळात कीर्तन ऐन रंगात असताना बुवांच्या डोळ्यांत तो मारून बघा. मागच्या रांगेतले आजोबा काय बोलतात ते मला नंतर कळवा.

आता तुम्ही म्हणाल, त्यासाठी मॅन्युअल कशाला, ॲपर्चर प्रायॉरिटीवर (ॲपर्चर आपण लावायचं, शटर कॅमेरा ठरवतो) +१ देता येतं की. येतं. मीही वारीत बरेचदा तेच करते, कारण ढग सरकत असतात आणि माणसं थांबत नाहीत. पण अधिक-उणेचं बटण दाबून चाक एका बाजूला फिरवायचं की दुसऱ्या, आणि किती, हे बोटांना कुठून कळलं? एमवर घालवलेल्या महिन्यांतून कळलं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींत जे थेट ॲपर्चर प्रायॉरिटीवरून सुरुवात करतात त्यांना विचारा, हा फोटो हलला का? ‘फोकस गेला’ म्हणतात. फोकस गेलेला नसतो. शटर १/१५ वर उतरलेलं असतं आणि व्ह्यूफाइंडरमधल्या त्या आकड्याकडे बघायची त्यांना सवयच लागलेली नसते.

राहिलेल्या गोष्टी.

५० एमएमबद्दल तुमचं थोडं बरोबर आहे. लहान सेन्सरच्या बॉडीवर ती निकॉनला ७५ आणि कॅननला ८० एमएमसारखी वागते, आणि दहा बाय दहाच्या खोलीत बारशाचा फोटो काढायला गेलं तर पाठ भिंतीला टेकते तरी आत्या फ्रेममध्ये येत नाही. ज्यांना घरातलेच फोटो काढायचेत त्यांच्यासाठी ३५ एमएम असं एक वाक्य मी लेखात घालते. झालं समाधान? पण ‘गळ्यात मारली’ हे काही मला मान्य नाही. किट लेन्स झूम करून एफ ५.६ वर अडते. त्याच्या तुलनेत ही ५० एमएम एफ १.८ वर जवळजवळ दहापट उजेड आत घेते, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात त्याचा अर्थ काय होतो हे ज्याने भोगलंय त्यालाच कळतं. आणि निकॉनच्या या छोट्या बॉडीत फोकसची मोटर नसते, तेव्हा लेन्स एएफ-एसच, म्हणजे आत स्वतःची मोटर असलेलीच, घ्या, जुनी एएफ-डी स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका, नाहीतर हाताने फोकस करत बसाल, हेही लेखात आहे. ते तुमच्या नजरेतून सुटलं.

मिररलेस. कॅननच्या आणि निकॉनच्या शेवटच्या नव्या डीएसएलआर २०२० सालच्या, हे मला माहीत आहे. म्हणूनच तर जुन्या बॉड्या आज विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतात. लेन्सांचं म्हणाल तर अडॅप्टर मिळतात. पुढे कधी वेळ मिळाला तर सविस्तर लिहीन.

सेकंडहँड लातुरात मिळत नाही, तर पुण्यामुंबईला कोणी ना कोणी जात असतंच. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात अर्धा दिवस काढा म्हटलं तर त्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे? ज्यांना जमत नाही त्यांनी ओळखीच्या लग्नाच्या फोटोग्राफरला विचारावं, ते लोक सारखे बॉड्या बदलत असतात. फक्त त्यांच्या बॉडीचं शटर किती वेळा उडालंय ते आधी विचारा. डी३५०० चं शटर एक लाखासाठी तपासलेलं असतं, आणि लग्नवाला एका सीझनमध्ये त्याचा चांगलाच फडशा पाडतो. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो, तेव्हा त्याच्याच कॅमेऱ्यावर एक फोटो काढून तो आपल्याकडे मागून घ्या. त्याच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका.

‘स्वतःचे फोटो आधी दाखवा’ असंही प्रतिक्रियेत मधेच एक वाक्य आहे. उजव्या बाजूला ‘छायाचित्रे’ असं लिहिलंय, तिथे बोट लावलं की उघडतात. वारीचेही आहेत. आवडले नाहीत तर खुशाल तसं लिहा, पण कुठला आणि का ते लिहा.

आपली पुढची प्रतिक्रियाही मी उडवणार नाही. तिच्यात पेल्याचे चार फोटो जोडावेत, आयएसओच्या आकड्यासकट.

ता. क. तुमच्याच प्रतिक्रियेखाली रत्नागिरीच्या एका ताईंनी, या सगळ्या गोंधळात, एक कामाचा प्रश्न विचारलाय: पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते, काय करावं? ताई, कॅमेरा बॅगेत घालून कपाटात अजिबात ठेवू नका, त्या कापडातच ओल बसते. घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि दीडदोनशे रुपयांचा आर्द्रतेचा छोटा काटा. काटा ४० ते ५० च्या मधे राहिला की झालं. साठीच्या वर चढू लागला की पुड्या बदला. आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा. जुनी लेन्स विकत घेताना मोबाइलचा टॉर्च तिच्या एका टोकातून मारा आणि दुसऱ्या टोकातून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर दुकानदार कितीही म्हणो ‘पुसून निघेल’, घेऊ नका. काचेवरचा लेप खाल्ला गेला असेल तर तो पुसून परत येत नाही.